रुंद पडद्यावरची नवरी

हॅलो?…

हॅलो, कोण?… सायली! अगं, बोल ना. शाळेतून करतेस का?… घरून. बरं, थांब हं, एक मिनिट… दिशा, काय आहे तोंडात? काढ. काढ म्हणते ना. दे आईला… पेनाचं टोपण गं. जेवण सोडून सगळं तोंडात जातं हिच्या. वरणभाताचा घास धरला की मान फिरवते. हं, बोल.

…गोल? कसला गोल?

…अय्या, हो! तू म्हणाली होतीस. ‘नवा मॉनिटर आला की कामाला लागायच्या आधी एक गोल काढून बघ.’ आठवतंय की. हसले होते मी तुला. म्हटलं, ही बाई सटाण्याला जाऊन चित्रकला शिकवायला लागली आणि आता मलाही पाचवीच्या वर्गात बसवतेय… नाही काढला गं. वेळ कुठे होता? मॉनिटर जोडला आणि लगेच तुमच्या गोरक्ष फोटोवाल्याची डीव्हीडी आली, दीपमालाच्या लग्नाची. अल्बमची घाई. गोल काय काढत बसू?

…अगं, मॉनिटर म्हणजे काय सांगू तुला! बावीस इंची. रुंद. आमच्या सासूबाई म्हणाल्या, घरात टॉकीज आणलंय सुनेने. तुला तो जुना डबा आठवतो ना? अर्धं टेबल खायचा आणि वर तापायचा इतका की त्यावर पापड वाळवावेत… हो, हो, तोच. त्याच्यावर अल्बमचं काम म्हणजे शिक्षा होती. आता हे अल्बमचं पान आडवं, लांबलचक, पंगतीच्या पट्टीसारखं. त्या डब्यावर अर्धंच दिसायचं. आधी नवरा बघायचा, मग सरकवायचं, मग नवरी. दोघांना एकत्र बघायचं तर इतकं लहान करायचं की कोण नवरी आणि कोण करवली तेच कळू नये. वर त्या सगळ्या खिडक्या, लेयरची वेगळी, रंगांची वेगळी, फोटोच्या तोंडावर येऊन बसलेल्या…

…हो, आता सगळ्या उजवीकडे ओळीने. खाली फोटोंची माळ. मधे अख्खं पान. या टोकाला हळद, त्या टोकाला पाठवणी, आणि दोन्हीतला पिवळा शेजारीशेजारी ठेवून जुळवता येतो. डाव्या कोपऱ्यात लग्नपत्रिका उघडी ठेवते, नाव चुकायला नको कुणाचं. मान फिरली की काम झालं. जे चार दिवस लागायचं ते… नाही, खरंच. पाठ कमी दुखते माझी. आणि सांगू? पडदा बंद असला की काळाभोर आरसा. मागे दिशा काय उद्योग करतेय ते पाठ न फिरवता दिसतं.

…हसतेस काय?

…नाही हसत? मग?

…अल्बम काल पोचला! मग सांग ना! कसा झालाय? दीपमाला तुमच्या समोरच्याच घरात आहे म्हटल्यावर पहिल्यांदा तूच बघितला असशील. लोकांना आवडला?… सायली?…

…टिकली? टिकलीचं काय?

…उभट म्हणजे?… नाही गं, गोल टिकली आहे तिची. मोठी, लाल… तांदळाच्या दाण्यासारखी? काहीतरीच. लॅबवाल्यांनी छापताना ओढाताण केली असेल. मी फोन करते त्यांना, आत्ताच्या आत्ता…

…नवऱ्याच्या घड्याळाची तबकडी गोल आहे?

…त्याच पानावर?

…आणि तिचा चुडा?

…

…ऐकतेय.

…हो. केली. मीच केली… अगं, थोडीशी बारीक केली. अगदी थोडी. सगळेच करतात सायली, पुण्यामुंबईला तर नाकंसुद्धा बदलतात… नाही, गोरक्ष काही म्हणाला नव्हता. तो बिचारा डीव्हीडी देऊन गेला. माझं मलाच वाटलं. नवरी आहे, जन्मभर बघणार ते फोटो. छान दिसावी… तिला विचारून? अल्बम करताना कोण विचारतं गं? विचारलं तर कोण हो म्हणेल?

…कशी म्हणजे? कडेकडेने निवडायची, अलगद, केसांपासून पदरापर्यंत. मग दोन्ही बाजूंनी आत दाबायची. मागचा मांडव जरा भरून घ्यायचा. इतकं सफाईदार केलंय मी, कुणाला कळणार नाही अशी खात्री होती माझी… टिकलीकडे लक्ष नाही गेलं. आणि बांगड्यांकडे.

…जाड दिसत होती सायली! खरंच. मी काय उगीच… ‘कोण म्हणतं’ काय? मी म्हणते. दिवसभर तिचेच फोटो बघत होते ना… प्रत्यक्ष? प्रत्यक्ष कुठे पाहिलंय मी तिला. ती कळवणची, दिली सटाण्याला, मी इथे नाशिकला सिडकोत. आवाज ऐकलाय फोनवर, तेवढाच.

…तू रोज बघतेस, मान्य… छान आहे? उंच, भरलेली… हं. कमरेवर हंडा घेऊन आली की तुला तिचं चित्र काढावंसं वाटतं?… मग मला असं कसं दिसलं?

…आत्ता? आत्ता काढू गोल?… लाइट आहेत. चारला जाणार. थांब, फोनची वायर पुरते का बघू दे… पुरली. दिशा, इकडे ये, आईच्या मांडीवर. कीबोर्डला हात नाही लावायचा. नाही म्हटलं ना… हं. शिफ्ट दाबून… हो गं बाई, माहितेय मला गोल कसा काढतात! तुझ्याच बाकावर शिकलेय.

…काढला. लाल भरला.

…दिसतोय की गोल… मोजू कशाने? पट्टी होती, दिशाने कुठे टाकली देव जाणे… बांगडी? बरं. निघत नाहीये पटकन. डिलिव्हरीनंतर सगळ्याच घट्ट झाल्यात… निघाली. पडद्याला लावते. थांब, गोल बांगडीएवढा करून घेऊ दे… वर टेकला. खाली टेकला…

…सायली, बाजूने बाहेर येतोय.

…दोन्हीकडून. चांगला बोटभर… थांब, बांगडी फिरवून बघते.

…बांगडी फिरवून काय होणार आहे. काय करतेय मी.

…म्हणजे हा पडदा सगळंच आडवं ताणतोय. अगं, शेखर म्हणाला होता लावताना. आपलं मशीन जुनं आहे, त्याला एवढ्या रुंदीचं चित्र देता येत नाही, जुनंच चौकोनी चित्र ओढून पडदा भरतोय, चालेल का? मी म्हटलं, चालेल, चालेल, लाव तू. अक्षरं जरा बसकी वाटायची. मला वाटलं, रुंद पडदा आहे, रुंदच दिसणार.

…म्हणजे ती जाड नव्हतीच.

…हो. आहे तशीच होती. आणि मी तिला…

…काय?… हो, नवराही ताणलेलाच दिसत होता. सगळेच. सासरे, मामा, भटजी, सगळे… मग त्यांना का नाही केलं?

…असं नको ना विचारूस.

…अगं, तिच्या नवऱ्याकडे, यादवरावांकडे बघून मला वाटलं, खात्यापित्या घरचा मुलगा आहे. सासऱ्यांकडे बघून वाटलं, काय रुबाब. आणि तिच्याकडे बघून वाटलं, हिला जरा कमी करायला हवी. एकाच फोटोत. एकाच पडद्यावर. तेवढेच ताणलेले तिघं. आणि माझा हात गेला तो फक्त तिच्यावर… नको, समजूत नको काढूस माझी. मला लाज वाटतेय, वाटू दे.

…आणि तुला ऐकायचंय का पुढचं? दिशाचे फोटोही मी ह्याच पडद्यावर बघायचे. हिचं वजन भरत नाही म्हणून माझा जीव कसा खालीवर होतो, तुला माहितेय. ह्या पडद्यावर काय गुटगुटीत दिसायची! गाल असे. मी शेखरला म्हटलंसुद्धा, बाळसं धरलंय बघ आपल्या पोरीने. गेल्या महिन्यात वजन करायला नेलंच नाही मी. म्हणजे ताणलेली माझी लेक बघून मी खूश, आणि ताणलेली दुसऱ्याची लेक बघून… दिशा, नको ना गं ओढू केस. थांब, हिला खाली ठेवते. घे, बांगडी घे. खेळ… नको, नको, तोंडात नाही!

…हं, बोल. अजून आहे? सांग, सगळंच सांग.

…कुठलं पान? जेवणाचं? नवरानवरीच्या पंगतीचं… हो, दोघांसमोर चांदीची ताटं. रांगोळी मीच वाढवली होती तिथे. छान पान आहे ते…

…ताट?

…तिचं ताट?

…अगं आई गं. तिला निवडताना मांडीजवळचं ताट आलं असणार बरोबर. हात ताटात होता ना तिचा, हात सुटा नसता काढता आला. मी सगळंच धरून दाबलं… त्याचं ताट गोल, भरगच्च, आणि तिचं अरुंद. वाटीएवढ्या जिलब्या त्याच्या, आणि तिच्या… बस सायली. बस. मी अख्खी बाई कमी केली आणि तिचं जेवणसुद्धा कमी केलं.

…पाहिलं कुणी कुणी? सगळ्यांनी?… म्हणजे गल्लीतल्या बायका जमवून अल्बम उघडला. हो, तसंच करतात. चहा, चिवडा आणि अल्बम… सगुणाबाई काय म्हणाल्या? म्हणजे, सासूबाईच ना तिच्या?… ‘हाई कोन शे वं?’ ही कोण म्हणून विचारलं?… सगळ्यांच्या देखत… ‘आमनी धडधाकट सून कोठे गयी?’… हसल्या सगळ्या. हसणारच.

…हो, कळतंय, त्या प्रेमाने म्हणाल्या असतील. त्यांना तीच आवडते, आहे तशी. पण तिने तसं ऐकलं नसणार ना… आणि भागीबाई? ती कोपऱ्यावरची? ती काय म्हणाली?… ‘अशी दिसली असती तर आधीची चार स्थळं परत गेली नसती.’… शी! असं तोंडावर म्हणाली? तिला काही लाज?… मी कुणाला लाज विचारतेय. तिने नुसतं म्हटलं. मी तर छापून दिलं, चकचकीत कागदावर, कडक पुठ्ठ्यात बांधून.

…कोण? दीपमाला? ती काय म्हणाली मग?… चहाच्या कपबशा गोळा केल्या आणि आत गेली.

…ऐक ना, मी दुसरा करून देते. माझ्या खर्चाने. मूळ फोटो सगळे आहेत माझ्याकडे, शेखर आला की हे माप नीट करून घेते, रविवारपर्यंत… काय?… अल्बमसाठी फोन नाही केलास? मग?

…कालपासून म्हणजे?

…उपास? आज कसला उपास? बुधवार तर आहे. आणि काल रात्री?… सगळ्यांना वाढलं आणि स्वतः बसली नाही. सगुणाबाईंना काय सांगितलं?… पोट बिघडलंय. हं. आणि आज तुझ्याकडे आली नाही दुपारची?… रोज येते ना ती, तू शाळेतून आलीस की? चहाला?

…पूर्वी? लग्नाआधी? काय केलं होतं तिने?

…मला नाही सांगितलंस हे कधी… तिची आत्या काहीतरी बोलली म्हणून… नुसत्या लिंबूपाण्यावर? किती दिवस?… आणि हळदीच्या दिवशी चक्कर. कळवणच्या दवाखान्यात सलाइन… अगं, थांब. तो फोटो होता. हळदीचा. पाटावर बसलीय, डोळे मिटलेत, मागून कुणीतरी खांदे धरलेत. मी बघितला होता तो. मला वाटलं, डोळे मिटले गेलेत, खराब फोटो आहे. काढून टाकला मी. तिच्याकडे एवढं निरखून बघत होते, कुठे किती दाबायचं ते, आणि हे नाही दिसलं मला.

…सायली.

…सायली, ऐक. मी तुला एक सांगितलं नाही. सकाळी तिचा फोन आला होता.

…दीपमालाचा. आज सकाळी. मी दिशाला भरवत होते… लपवलं असं नाही. मला वाटलं, कौतुकाचा फोन आहे. तुला ऐटीत सांगणारच होते आधी, मग तू टिकलीचं काढलंस आणि माझं तोंडच उघडेना… ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही मला किती बारीक केलंत?’ मी हसले. हसले गं मी! म्हटलं, थोडंसंच, आवडलं ना? तर म्हणाली, ‘हो. बरं झालं. किती व्हायचं ते कळत नव्हतं, आता माप मिळालं.’

…हो, असंच. ‘माप मिळालं.’ ब्लाउजचं सांगावं तसं. आवाज अगदी साधा होता.

…मी? मी काय म्हटलं… नको विचारूस.

…म्हटलं, ‘वेडी गं. मलाही उतरायचंय पोरीच्या जन्मानंतर, दोघी मिळून करू.’ आणि ठेवला फोन. दिशाने वाटी सांडली होती ना, म्हणून ठेवला. तिला काय वाटलं असेल? की नाशिकची शिकलेली ताईसुद्धा हेच म्हणतेय. बरोबर चाललंय आपलं.

…नाही रडत. आवाज असाच येतोय.

…मी लावते तिला फोन. आत्ता लावते… कोण उचलेल?… हो, बरोबर आहे. फोन सासऱ्यांच्या खोलीत, ती काय बोलणार तिथून. ‘हो ताई, नाही ताई.’ आणि मी इकडून काय बघणार? मला तर समोर ठेवलेलंही धड दिसलं नाही… यादवराव कुठे आहेत?… मालेगावला, संध्याकाळी येणार. आणि सगुणाबाई?… मळ्यात. म्हणजे सासरे दुपारचे झोपलेले, आणि घरात एकटीच आहे का ती?

…तू बघ ना खिडकीतून. पुढचं दार दिसतं ना तुला?… लोटलेलं?… कपडे वाळत घातलेत?… नाही?… सकाळपासून नाही?

…सायली, तू जा.

…आत्ता. आत्ता जा. वह्या राहू देत तपासायच्या. उद्या तपास… काय बोलायचं म्हणजे? काही बोलू नकोस. समजावू नकोस तिला, समजावणारे खूप असतील. चहा टाक म्हणावं, मी आले. आणि तू नेहमी बसतेस तशी ओट्याला टेकून बस. ती उभी राहते का, हात थरथरतात का, बघ. चक्कर येत असेल तर साखरमीठ घालून पाणी दे, घोटघोट, आणि डॉक्टरांना बोलव, सासूबाईंची वाट नको बघूस… आणि तुझ्या घरचं काही आहे का केलेलं? … आमटीभात चालेल. ने. एकाच ताटात घे, दोघींना. तू आधी खायला लाग.

…आणि माझं नाव नको काढूस. तिला अजून लाज वाटेल…

…नाही, थांब. काढ. माझंच नाव काढ. सांग, त्या बाईचा पडदा वाकडा होता, तिला दिसत नव्हतं. सांग की तिने स्वतः सांगितलंय, तुझ्यात काही कमी करण्यासारखं नव्हतं. मी येतेच आहे म्हणावं, दिशाला घेऊन, उद्या सकाळच्या एस.टी.ने. तिच्यासमोर उभी राहीन… नाही, त्याची वाट बघू नकोस. उद्या खूप लांब आहे. तू आत्ता रस्ता ओलांड.

…हो, मी इथेच बसलेय फोनजवळ. लाइट गेले तरी हा वाजतो… दार नाही उघडलं तर मागच्या बाजूने जा. हाक मार. मोठ्याने मार… चपला कसल्या शोधतेस, जा तशीच! ठेव. ठेव ना गं सायली, जा आधी, बघून ये तिला.